थोरलंही अजून लहानच आहे : खान्देशातल्या दोन लेकरांच्या घराला पडणारे प्रश्न

धाकटा झाला तेव्हा माझी थोरली दोन वर्षं दोन महिन्यांची होती. मे महिना आणि जळगावचं ऊन. आता धाकटा दहा महिन्यांचा आहे. भुसावळची नणंद, अमळनेरची मावसबहीण, शिरपूरची शाळेतली मैत्रीण, सगळ्या फिरून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं जे लिहिलंय ते बालरोगतज्ज्ञ, आमच्या आशाताई आणि माता-बाल संरक्षण कार्डावरून कळलेलं आहे. तुमच्या बाळाबद्दल तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

दुसरं बाळंतपण माहेरी करावं की सासरी?

आपल्याकडे पहिलं माहेरी होतं. दुसऱ्याच्या वेळी मात्र दोन्हीकडून बोलणी सुरू होतात. मी तीन गोष्टी बघितल्या. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर दवाखाना किती लांब आहे, तिथे सिझेरियनची आणि रक्ताची सोय आहे का, आणि थोरली कुठे रुळलेली आहे. माझं माहेर अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात आहे. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके खेळायला जीव तिकडेच ओढ घेतो, पण बाळंतपणासाठी मी जळगावातच राहिले आणि आईला इकडे बोलावून घेतलं.

एक मात्र कळकळीनं सांगते. थोरल्या लेकराला ‘दोन महिने मावशीकडे’ पाठवू नका. बाळंतिणीला आराम मिळावा म्हणून घरचे हेच सुचवतात आणि त्यात त्यांची मायाच असते. पण दोन वर्षांच्या लेकराला त्यातून एवढंच कळतं, की बाळ आलं आणि मला घराबाहेर काढलं. दवाखान्यातले दोन-तीन दिवस ते आजीजवळ राहील. त्यानंतर ते आईजवळच हवं.

बाळ येणार हे त्याला कधी सांगायचं?

पोट दिसायला लागल्यावर. दोन वर्षांच्या लेकराला ‘चार महिन्यांनी’ हा शब्द काहीच सांगत नाही, त्याला सण कळतात. श्रावणात बाळ येणार असेल तर ‘कानबाई बसतील ना, तेव्हा’, भाद्रपदात असेल तर ‘पोळ्याचे बैल येऊन गेले की’. आम्ही थोरलीला सांगितलं, ‘आजी आंब्याचा रस करायला लागली की बाळ येईल.’

‘तुला खेळायला भाऊ आणते’ असं मात्र कुणालाच बोलू देऊ नका. येणारं बाळ सहा महिने खेळत नाही. ते झोपतं, रडतं आणि आईला चिकटून राहतं. तेच खरं सांगा.

दवाखान्यातून घरी येताना काय काळजी घ्यावी?

दारात भाकर-तुकडा ओवाळून टाकतात, तेव्हा थोरल्यालाही शेजारी उभं करून त्याच्यावरूनही ओवाळा. साधीच गोष्ट आहे, पण माझ्या सासूबाईंनी ती आपणहून केली आणि मला ती जन्मभर लक्षात राहील. घरात शिरताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असू द्या. तीन दिवसांनी दिसलेल्या आईचे हात थोरल्याला मोकळे मिळाले पाहिजेत. आधी त्याला पोटाशी घ्या आणि बाळ नंतर दाखवा. टाके असतील तर उचलून घेऊ नका, खाली बसून जवळ घ्या.

सगळे थोरलीला ‘आता तू मोठी झाली’ म्हणतात. त्यात काय बिघडलं?

मला विचाराल तर या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. धाकटा घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एक आजी बघायला आल्या आणि प्रेमानं थोरलीला म्हणाल्या, “आते तू मोठी व्हयनी!” थोरली ओरडली, “मी मोठी नही!” आणि पलंगाखाली जाऊन बसली. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाळाचं टोपडं होतं आणि ते तिनं स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतलं होतं.

लहान असण्याचे सगळे फायदे तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला मिळत होते. तिला मात्र ‘मोठी आहेस ना, मग रडू नको’, ‘मोठी आहेस ना, मग हाताने जेव’ एवढंच ऐकायला मिळत होतं. ती होती अवघी सव्वीस महिन्यांची. नवजात बाळाशेजारी ठेवलं की दोन वर्षांचं लेकरू एकदम थोराड दिसायला लागतं, त्याचे हातपाय मोठे दिसतात, वजन जड लागतं. मलाही तसंच वाटलं होतं. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढून बघितला, तेव्हा ती किती लहान आहे हे परत कळलं.

त्या दिवसापासून घरात ‘मोठी’ हा शब्द कामाला जुंपायचा नाही असं ठरवलं. ती ‘थोरली’ आहे, ‘ताई’ आहे, पण मोठी नाही. तिला बाळासारखं दुपट्यात गुंडाळून घ्यायचं असेल तर मी गुंडाळते. पाच मिनिटांत कंटाळून ती स्वतःच उठून पळते.

थोरलं अजून अंगावर पितं. नवीन बाळाचं दूध संपेल का?

नाही संपणार. जितकं पाजाल तितकं दूध तयार होतं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, थोडंच असतं आणि ते नवजात बाळाला आधी मिळायला हवं. बाळ आधी, थोरलं नंतर, हा क्रम पहिले काही आठवडे पाळा. दोघांना पाजणं झेपत नसेल तर थोरल्याचं हळूहळू कमी करा. मात्र बाळ घरी आलं त्याच आठवड्यात तोडू नका, छातीला कडूनिंब किंवा मिरची तर लावूच नका.

दूध पुरतंय हे कसं ओळखायचं? आजी म्हणतात, बाळ उपाशी राहतं, वरचं द्या.

लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि बाळ पिऊन शांत होत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. संध्याकाळी बाळ तासतासाला पितं, त्याचा अर्थ दूध आटलं असा नसतो.

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, गाईचं दूधही नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवल्याने बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. माझ्या आजीने माझ्या आईला गुटी उगाळून दिलेली आहे. या विषयावर मी आजीशी वाद घातला नाही. सहाण तिच्यासमोर ठेवून म्हटलं, “हळद उगाळून दे, मला दुधात घालून घ्यायची आहे.” तिचा मान राहिला आणि बाळाच्या पोटात काही गेलं नाही.

धोका आजीपेक्षा थोरल्याकडून जास्त असतो. धाकटा आठ दिवसांचा असताना मी आंघोळीला गेले. तेवढ्यात थोरलीने मायेने त्याच्या ओठांत केळ्याचा तुकडा कोंबला. आईने बघितलं म्हणून वाचलो. केळीच्या मुलखातल्या घरात केळ्याचा घड हाताशी लटकतच असतो. त्या दिवसापासून नियम एकच, बाळाला काही द्यायचं असेल तर आधी आईच्या हातात द्यायचं. तिला रागावले नाही. तिनं स्वतःच्या वाट्याचंच केळं दिलं होतं.

भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात तान्ह्याला पाणी तरी द्यावं ना? पारा ४४-४५ वर जातो.

समजतं, कारण हा प्रश्न मी स्वतः डॉक्टरांना तीनदा विचारला. उत्तर तेच. आईच्या दुधातला बहुतांश भाग पाणीच असतो, बाळाला ते पुरतं. पाण्याने पोट भरलं की बाळ दूध कमी पितं आणि पाण्यातून जंतूही पोटात जातात. उन्हाळ्यात पाणी हवं असतं ते आईला. पाजायला बसण्याआधी तांब्या जवळ ठेवायचा आणि प्रत्येक वेळी प्यायचं. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं ही समजूत खान्देशातल्या मे महिन्यात तर फारच महाग पडते. चक्कर येते, लघवीला जळजळ होते, बद्धकोष्ठता होते.

बाळाला एकच पातळ सुती झबलं घाला. ४४ अंशांत घरातल्या घरात टोपडं, मोजे आणि वर दुपटं कशाला? हात-पाय थोडे गार लागले तरी छाती-पाठ कोमट असली की झालं. अंग तापल्यासारखं वाटलं तर कपडे काढा, खोली गार करा, पाजा आणि अर्ध्या तासाने थर्मामीटर लावा. ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसलं तर उन्हाचंच असेल म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा.

कूलर लावायला हरकत नाही, फक्त झोत थेट बाळावर नको आणि एक खिडकी उघडी हवी. पण दोन वर्षांचं लेकरू घरात असताना पत्र्याचा कूलर ही वेगळीच काळजी आहे. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र, शिवाय लेकराला त्यात हात घालायचाच असतो. दर वर्षी पहिल्यांदा लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना फक्त बटण बंद करून भागत नाही, पिनच काढा आणि कूलरपुढे लेकराला ओलांडता येणार नाही असं काहीतरी आडवं ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात.

बाजेखाली शेगडी ठेवायची का? धुरी द्यायची का?

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, दिसत नाही आणि झोपेतच माणूस जातो. तान्ह्याच्या फुप्फुसांना धुरीचा धूरही सोसत नाही. आणि थोरलं लेकरू त्या खोलीत रांगतं, धावतं, बाजेखाली शिरतं. एका शेगडीने दोन्ही लेकरं धोक्यात येतात. शेकायचं असेल तर कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी कंबरेला घ्या, तीही आईलाच.

मालिश छान आहे. उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तिळाचं कोमट तेल, हलक्या हाताने. कानात, नाकात आणि बेंबीत तेल टाकायचं नाही. नाळ कोरडी ठेवायची, तिला काहीही लावायचं नाही. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा.

आंघोळीच्या पाण्याची बादली थोरल्याच्या वाटेत ठेवू नका. आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि बादली भरून ठेवून कुणीही फोन घ्यायला जायचं नाही.

बाळंतिणीने काय खावं?

पोटभर. बाजरीची भाकरी आणि शेपू, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, जेवणावर बाळंतशोपा. हे सगळं आपल्या आयांनी नीट जुळवलेलं आहे. त्यात वरण, भाज्या, फळं, दूध आणि घरात चालत असेल तर अंडी घाला. ‘वातूळ’ म्हणून एकेक पदार्थ काढत गेलो तर ताटात भाकरी आणि तूपच उरतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मला चाळिसाव्या दिवसापर्यंत दिली नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि कॅल्शियमही तेवढेच दिवस. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत मिळतात.

लाडू करताना थोरल्यासाठी लिंबाएवढे चार वेगळे वळून ठेवा. ‘ते आईचे आहेत, हात लावू नको’ हे वाक्य त्या महिन्यात आधीच फार वेळा ऐकावं लागतं त्याला.

थोरला बाळाला चापट मारतो, चावतो. काय करू?

हात धरायचा आणि एकच वाक्य म्हणायचं, ‘मारू देणार नाही.’ उलट चापट द्यायची नाही, ‘तू वाईट आहेस’ म्हणायचं नाही आणि ‘पोलीस येतील’ही नाही. मग बाळाला बाजूला ठेवून थोरल्याला जवळ घ्यायचं. लोक म्हणतात, याने लाडावेल. आमच्याकडे तसं झालं नाही. थोरली मारायची ती नेहमी मी पाजायला बसले की. म्हणून पाजायच्या वेळची एक टोपली केली. लाकडी बैलजोडी, जुन्या बांगड्या, दोन चित्रांची पुस्तकं, डबीत चार कुरमुरे. ती टोपली फक्त पाजायच्या वेळीच खाली यायची. एक मांडी बाळाची, दुसरी तिची. तीन आठवड्यांत मारणं जवळजवळ थांबलं.

एकदा ती आजीला म्हणाली, “या पोऱ्याले परत दवाखानामा दी या.” सगळे हसले, तिला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, “तुला तो आवडत नाही ना आज?” तिनं मान हलवली आणि खेळायला गेली. तिला एवढंच कुणीतरी मान्य करायला हवं होतं.

पाच वर्षांखालच्या लेकराला बाळाजवळ एकटं सोडू नका, कितीही गुणी असलं तरी. झोळीला झोका देण्याची त्याला फार हौस असते आणि त्याचा झोका जोराचा असतो.

शू सांगायला लागला होता, आता परत चड्डीत करतो.

करू द्या. चड्ड्या वाढवा. दीड-दोन महिन्यांत बहुतेक परत सांगायला लागतात.

दुपारी घरात मी एकटी आणि दोघं एकदम रडतात. आधी कोणाला घ्यायचं?

कुणाला लागलं असेल, गुदमरत असेल, तर अर्थात त्याला. एरवी आधी थोरल्याला हाक द्या आणि हात लावा, मग बाळाला उचला. बाळाला दोन मिनिटं उशीर झाला तर ते लक्षात ठेवत नाही, थोरलं मात्र ठेवतं. आणि कधीतरी बाळालाही मोठ्याने सांगा, ‘थांब रे, मी ताईची वेणी घालतेय.’ बाळाला कळत नाही, पण ताईला कळतं की थांबायचं फक्त तिनेच नसतं.

उन्हामुळे मार्च ते जून सकाळी अकरा ते पाच बाहेर पडता येत नाही आणि खान्देशातल्या आईला हे सहा तास घरात काढावे लागतात. मी मोरीत परात भरून थोरलीला खेळायला बसवायचे आणि बाळाला घेऊन दारातच बसायचे. पाण्यापासून उठायचं नाही, दोन इंच पाण्यातही लेकरू बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की परात लगेच उपडी करायची. मग दोघांसोबत जमिनीवर सतरंजीवर आडवं व्हायचं. भांडी पडू द्या. स्वयंपाकाला खिचडी चालते. वरण-भातात तूप आणि सोबत केळं, हे दोन वर्षांच्या लेकराचं चांगलं जेवण आहे. ओट्यावरचं सगळं उरकून मग लेकरांकडे वळू असं म्हणत राहिले तेव्हा माझं दोन्हीही अर्धंच राहिलं.

रात्री कोण कुठे झोपतं?

बाळ आईच्याच खोलीत, पण सपाट, टणक, वेगळ्या अंथरुणावर, पाठीवर. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नको. थोरल्याला आणि तान्ह्याला एकमेकांना लागून झोपवू नका, झोपेत थोरल्याचा हातपाय बाळाच्या तोंडावर पडतो. आमच्याकडे भिंतीकडून थोरली, तिचे बाबा, मग मी आणि माझ्या बाजूला बाळाचं अंथरूण. गच्चीवर झोपणाऱ्यांनी कठडा पक्का आहे का, जिन्याला दार आहे का ते बघा. मच्छरदाणी दोघांनाही.

मुलाच्या वडिलांनी काय करायचं?

‘मदत’ हा शब्द मला आवडत नाही, कारण घर त्यांचंही आहे. पाजणं सोडून सगळं त्यांना जमतं. भुसावळला रेल्वेत असलेले माझे नंदोई रात्रपाळी करून सकाळी येतात आणि झोपण्याआधी थोरल्याला न्हाऊ-माखू घालतात. तेवढाच एक तास, पण रोजचा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा असते, ती बाळाच्या जन्मानंतर सहा महिन्यांत घेता येते. सगळी पहिल्याच आठवड्यात घेऊ नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. आई-सासूबाई परत गेल्यावर खरी गरज पडते. शेती असेल तर कापूस वेचणीचं आणि बाळंतपणाचं गणित आधीच बसवा, नाहीतर ऐन वेळी घरात एकही माणूस नसतो.

नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, नोकरी त्या कायद्यात बसत असेल तर.

सगळं ठीक आहे तरी मला रडू येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत येतं आणि बहुतेकींचं ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, आपण नसतो तर बरं असं मनात येत असेल, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाहेरची बाधा वगैरे काही नसते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार आला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि दवाखान्यात जा.

मला थोरलीवर ओरडल्यावर रडू यायचं. दिवसभर तिला ‘हळू’, ‘नको’, ‘थांब’ एवढंच बोलले, हे रात्री आठवायचं. मग सव्वा महिना संपल्यावर रोज संध्याकाळी वीस मिनिटं फक्त तिची ठेवली. बाळ आजीकडे आणि आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत. रस नाही घेतला तरी घुंगरं ऐकून परत.

दोघांच्या लसी एकत्र करता येतात का?

येतात, आणि मी तसंच करते. नवजाताला जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची लस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, त्यानंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. थोरल्याचे १६ ते २४ महिन्यांतले डोस याच धावपळीत राहून जातात. कार्ड काढून बघा. त्याची गोवर-रुबेलाची दुसरी लस आणि डीपीटीचा बूस्टर झालेला असणं धाकट्यासाठीही संरक्षण आहे, कारण घरात आजार बहुधा थोरलंच घेऊन येतं. त्याला सर्दी असेल तर हात धुऊन बाळाच्या पायांची पापी घ्यायला शिकवा.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना चहा तर द्याच, पण बाळाला उघडं करून नीट बघूही द्या.

बाळाला ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

पिणं सोडलं किंवा एकदम मंद पडलं, झटके आले, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जायला लागली, ताप आला किंवा अंग थंड पडलं, नाळेतून पू आला, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. काविळीसाठी आपल्याकडच्या उन्हात बाळ ठेवणं हा उपाय नाही. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव, ताप, असह्य डोकेदुखी किंवा झटके असतील तर तिलाही न्या. एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी आणि बाळंतिणीसाठी १०२, कुठल्याही तातडीला १०८. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याचे उपचार आणि गाडी मोफत आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर गाडी दारापर्यंत येत नाही, तिथे आशाताईंचा आणि जवळच्या गाडीवाल्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

मोटारसायकलवर चौघं गेलो तर?

जाऊ नका. टाकीवर थोरलं आणि मागे आईच्या मांडीवर तान्हं, हे दृश्य आपल्या प्रत्येक रस्त्यावर दिसतं. नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, वेग ४० च्या आत. तान्ह्यासाठी एसटी किंवा रिक्षा. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहेच.

कागदपत्रं?

जन्माची नोंद २१ दिवसांत करा, शुल्क लागत नाही. बारसं लांबलं तरी नोंद थांबवू नका, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. थोरल्याच्या कागदांवर जुनाच क्रम असेल तर गोंधळू नका. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेतून अटींसह ६,००० रुपये मिळतात, अंगणवाडीत विचारा.

पुन्हा लगेच दिवस जायला नकोत. पाजतेय तोवर काळजी नाही ना?

पाळी आलेली नसेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि दिवस-रात्र फक्त अंगावरच पीत असेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच. एक जरी सुटली तरी दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मोफत मिळतात. दोन बाळंतपणांमध्ये शरीर भरून यायला, पुन्हा दिवस जाण्याआधी किमान दोन वर्षं द्यावीत असं सांगतात. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि लहान आहे. आमच्याकडे तीच झाली. त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं.

बाळ बघायला येणाऱ्यांनी काय आणावं?

झबली पुष्कळ होतात. एका वेळचं जेवण आणलंत तर बाळंतीण तुम्हाला दुवा देईल. हात धुवा, सर्दी असेल तर आठ दिवसांनी या, बाळाच्या तोंडाची पापी घेऊ नका. घरात शिरल्यावर आधी थोरल्याशी बोला. बाळ कुणासारखं दिसतं, हे थोरल्याच्या डोक्यावरून बोलण्याऐवजी ‘तुझं बाळ दाखवतोस का?’ असं त्यालाच विचारा. आणि शक्य असेल तर जाताना त्याला अर्धा तास गल्लीत फिरवून आणा. माझी चुलतजाऊ आली तेव्हा तिनं बाळाच्या हातात पैसे ठेवले आणि थोरलीला पाटावर बसवून वेणी घालून दिली. थोरली ती वेणी दोन दिवस सोडू देत नव्हती.